जुन्या लाराकडे पहिल्यांदा जाताय? आधी फरश्या मोजायला शिका

परवा माझा मामेभाऊ सिडकोतून आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आला होता, बारावीची परीक्षा झालीये, सुट्टी आहे, त्याने २०१३ चा टूम रेडर हा व्हिडिओ गेम आणि त्याच्या पुढचे दोन्ही भाग संपवलेत आणि आता त्याला मूळ १९९६ वाला बघायचा होता. दिला लॅपटॉप. वीस मिनिटांत लारा, म्हणजे या गेमची नायिका, चार वेळा खाली पडून मेली, दोन वेळा लांडग्यांनी खाल्ली आणि हा म्हणतो, "दादा, ही माझं ऐकतच नाहीये." मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा माझ्या तोंडी पण हेच वाक्य होतं, म्हणून मला त्याचं लगेच कळलं. पण तसं नाहीये हो. ती ऐकते, शब्दन्‌शब्द ऐकते, तुम्ही जे बटण दाबलं तेच करते, तुमच्या मनात काय होतं त्याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही. नव्या भागांत गेम आपल्याला सांभाळून घेतो, कड्याच्या आसपास कुठंही उडी मारली तरी हात पोचतो. इथे मोजून मारावी लागते. आणि एकदा मोजता आलं ना की मग या गेमसारखी मजा नव्यात कुठंच नाही, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

तर त्याला शेजारी बसवून जे सांगितलं तेच इथे लिहितोय. पेरूच्या पहिल्या चार लेव्हल्स पार करायला एवढं पुरतं, पुढचं तुमचं तुम्हालाच जमेल.

थोडक्यात पार्श्वभूमी, कारण माहीत असलेली बरी. हा गेम इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या कोर डिझाईनने बनवला, लारा क्रॉफ्ट ही टोबी गार्डची कल्पना. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये आधी सेगा सॅटर्नवर आला, मग प्लेस्टेशन आणि पीसीवर. सुरुवातीच्या व्हिडिओत लारा चक्क कलकत्त्याच्या एका हॉटेलात बसलेली असते, तिथेच तिला काम मिळतं, पेरूच्या डोंगरात क्वालोपेक नावाच्या राजाची कबर शोधायची आणि तिथून सायन नावाच्या वस्तूचा तुकडा आणायचा. बास, एवढी स्टोरी घेऊन ती गुहेत शिरते. नव्या भागांसारखे दर पाच मिनिटांनी डायलॉग नाहीत, कोणी कानात येऊन सांगत नाही की आता इकडे जा.

पायरी १ : कुठली कॉपी घ्यायची

सरळ रिमास्टर घ्या, म्हणजे तोच जुना गेम, फक्त नव्या चित्रांसकट. १४ फेब्रुवारी २०२४ ला अ‍ॅस्पायरने पहिले तीनही गेम एकत्र काढलेत, पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच सगळीकडे मिळतात, माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण व्यवस्थित चालतात. २००७ चा अ‍ॅनिव्हर्सरी म्हणून एक आहे तो वेगळा, तो याच गोष्टीवर नव्याने बनवलेला गेम आहे, चांगला आहे, मला आवडतो, पण आत्ता आपण ज्यासाठी आलोय ते त्यात नाही.

सुरू केल्यावर कीबोर्डवर एफ वन दाबून बघा. चित्र पटकन १९९६ चं होतं, परत दाबलं की नवं. बरेच जण एकदा गंमत म्हणून दाबतात आणि विसरून जातात, तसं करू नका, हे बटण फार कामाचं आहे. नव्या ग्राफिक्समध्ये काही खोल्या बऱ्याच अंधाऱ्या आहेत, चावी किंवा खटका कोपऱ्यात असला तर दिसत नाही, जुन्यात लगेच डोळ्यात भरतो. आणि दुसरं म्हणजे जुन्या चित्रात जमिनीचे चौकोन स्पष्ट दिसतात, ते का महत्त्वाचे ते चौथ्या पायरीत सांगतो.

मग कंट्रोल्स. रिमास्टरमध्ये दोन पर्याय आहेत, टँक आणि मॉडर्न. मॉडर्न म्हणजे आजच्या गेमसारखं, ज्या दिशेला स्टिक ढकलाल तिकडे लारा पळते. टँक म्हणजे पुढचं बटण दाबलं की ती तिच्या तोंडासमोर जाते, डावं-उजवं दाबलं की जागच्या जागी वळते, मागचं दाबलं की मागे एक छोटी उडी मारते. नवीन माणसाचा हात आपोआप मॉडर्नकडे जातो, मी म्हणेन टँकच ठेवा. हा सगळा गेम, त्यातली प्रत्येक खोली, टँक कंट्रोल डोक्यात ठेवून रचलीये, मागे एक उडी, बाजूला एक पाऊल हे सगळं त्यात एकेका बटणावर आहे. पहिला तास हात अवघडल्यासारखे होतात, दुसऱ्या तासाला विसरायला होतं. स्कूटीवरून गिअरच्या गाडीवर बसल्यासारखं आहे ते.

पायरी २ : आधी लाराच्या घरी जा

मेन मेन्यूत लाराच्या घराचा पर्याय आहे, तिथे ती स्वतः बोलून सगळं शिकवते, पळणं, उडी, लटकणं, पोहणं. मरायची भीती नाही. एक संध्याकाळ फक्त इथे घालवा, जिममध्ये आणि मग तलावात. मामेभावाने हे सोडून थेट गुहेत उडी घेतली होती, म्हणून तर ते लांडगे.

पायरी ३ : चालायचं बटण

सगळ्या गेममध्ये एकच बटण लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. चालायचं बटण धरून ठेवलं, मूळ पीसी गेममध्ये ते शिफ्ट होतं, की लारा हळूहळू चालते आणि कड्याशी आली की थांबते. कितीही पुढे ढकला, पडत नाही. पुढे काही लेव्हल्समध्ये जमिनीतून वर आलेले खिळे आहेत, त्यातूनही चालत गेलात तर ओरखडासुद्धा येत नाही, पळालात की संपलं. नवीन खोली, अरुंद कठडा, अंधार, काहीही असो, आधी चालायचं.

पायरी ४ : फरशी

आता खरी गोष्ट.

माझ्या आजीचा पंचवटीत वाडा होता, खाली शहाबादी फरशी, आणि आम्ही पोरं दुपारभर त्यावर लंगडी खेळायचो, रेष न शिवता एक फरशी सोडून पुढच्या फरशीवर, मग दोन सोडून. हा गेम हुबेहूब तो आहे. या जगातली प्रत्येक गोष्ट एकसारख्या चौकोनांची आहे, जमीन, भिंती, दरी, खांब, सगळं. बनवणाऱ्यांनी लेव्हल्स चौकोनांवरच मांडल्यात आणि लाराच्या प्रत्येक हालचालीचं माप त्या चौकोनाला जुळवलंय. त्यामुळे कुठलीही दरी आली की अंदाज करायचाच नाही, मोजायचं. मी त्या चौकोनाला फरशी म्हणतो, आता आमच्या घरी सगळेच म्हणतात.

जागेवरून उडी मारली तर एक फरशी ओलांडते. पळत येऊन मारली तर दोन. पळत येऊन मारली आणि हवेत असताना अ‍ॅक्शनचं बटण धरून ठेवलं तर तीन फरश्यांपलीकडचा कठडा हाताने पकडते, मग पुढचं बटण दाबून वर चढायचं. पहिल्या चार लेव्हल्सला एवढे तीन आकडे बास होतात.

पळत उडी मारायला मागे एक फरशी धाव लागते, आणि इथेच सगळे नवीन लोक चुकतात, कारण ते नव्या गेमच्या सवयीने पळत पळत येतात आणि अगदी कडेला आल्यावर उडीचं बटण दाबतात, आणि लारा आणखी एक पाऊल टाकून सरळ खाली. तिला उडीआधी एक पाऊल लागतंच. म्हणून हे असं करा, सुरुवातीला मोठ्याने म्हणत करा. चालत कडेपर्यंत जा, ती थांबेल. मागचं बटण एकदा दाबा, ती मागे एक उडी मारेल, म्हणजे बरोबर एक फरशी मागे गेलात. आता पुढचं बटण दाबा आणि लगेच उडीचं पण दाबून धरून ठेवा. सोडू नका. ती पळेल आणि कडेवरून स्वतःच उडेल, तुम्हाला वेळ साधायचीच नाहीये. मग गरज असेल तर हवेत अ‍ॅक्शन.

कडेपर्यंत चाल, एक मागे, पळ, उडी. मामेभावाला हे चार शब्द दहा वेळा म्हणायला लावले आणि अकराव्या वेळेला तो न बोलता करायला लागला.

उतरायचं कसं तेही इथेच सांगतो. तुमच्यापैकी जे हरिहर गडावर गेले असतील त्यांना हे पटकन समजेल. त्र्यंबकेश्वरच्या बाजूचा तो गड, कातळात कोरलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्या, प्रत्येक पायरीत हात घालायला खोबण्या. चढताना वर बघून चढतो, पण उतरताना कोणीच दरीकडे तोंड करून उतरत नाही, कातळाकडे तोंड करायचं, खोबणीत बोटं घट्ट आणि पाय एकेक खाली. लारा पण तशीच उतरते. उंच कड्यावरून खाली जायचं असेल तर उडी नका मारू. कडेला या, वळा, पाठ दरीकडे करा, अ‍ॅक्शन धरून मागचं बटण दाबा, ती मागे उडी मारून पडता पडता कठडा पकडेल आणि लटकेल. मग खाली बघा, फार खोल नसेल तर सोडा. लटकून सोडल्याने तिच्या उंचीएवढं अंतर कमी होतं आणि बऱ्याचदा जीव वाचतो तो त्याच्यामुळेच. लटकलेली असताना डावीकडे-उजवीकडे हातावर सरकता पण येतं.

एक सांगतो, पहिल्यांदा हरिहर उतरून आलो त्याच आठवड्यात मी हा गेम खेळत होतो, आणि पहिल्यांदा लाराला पाठमोरी करून लटकवली तेव्हा माझ्या बोटांना खरंच तो कातळ आठवला. बसल्या जागी असं व्हावं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ते त्या चौकोनी, ओबडधोबड चित्रांनी केलं.

पायरी ५ : पाणी

खोल पाण्यात कितीही उंचावरून पडलात तरी काही होत नाही. पाण्याखाली दमाची पट्टी दिसते, ती अर्धी झाली की परत फिरायचं. खटके पाण्याखालीही असतात. एवढंच.

पायरी ६ : गोळीबार

इथे नेम धरायचा नसतो. पिस्तुलं बाहेर काढली की समोरच्या प्राण्यावर नेम आपोआप बसतो, आपण फक्त अ‍ॅक्शन दाबून धरायचं. तुमचं काम आहे हलत राहणं, डावी-उजवीकडे उड्या, मागे उडी, गोळ्या चालूच. पिस्तुलाच्या गोळ्या कधीच संपत नाहीत, पुढे शॉटगन वगैरे मिळते तिच्या संपतात, त्या जपून ठेवा. जमलं तर आधी उंच दगडावर चढा आणि तिथून मारा, लांडगा वर येऊ शकत नाही. अस्वल पण नाही.

आणि हे लिहून ठेवा: पिस्तुलं हातात असताना कठडा पकडता येत नाही. हात मोकळे नाहीत ना. उडीआधी शस्त्र आत. लांडगे मारून झाल्याच्या घाईत उडी मारली आणि अ‍ॅक्शन दाबल्यावर हवेत गोळ्या सुटल्या आणि लारा खाली, हे प्रत्येकाचं होतं.

औषधाच्या दोन पेट्या असतात, लहान अर्धं आयुष्य भरते, मोठी पूर्ण. पहिल्या लेव्हलमध्ये शक्यतो लहानच वापरा, मोठी पुढे ग्रीसमध्ये लागेल.

पायरी ७ : सेव्ह

१९९६ ला प्लेस्टेशनवाल्यांना ठरावीक ठिकाणी निळे स्फटिक मिळायचे तिथेच सेव्ह करता यायचं, पीसीवाल्यांना कुठेही. रिमास्टरमध्ये कुठेही करता येतं. नव्या भागांसारखं दर मिनिटाला आपोआप होत नाही, स्वतः करावं लागतं, म्हणून सवय लावून घ्या. प्रत्येक मोठ्या उडीआधी, प्रत्येक नवीन दाराआधी, आणि स्थिर उभं राहून. उडीत असताना, गोळीबार चालू असताना चुकून सेव्ह केलंत तर तेच संकट पुन्हा पुन्हा लोड होतं. मी दोन जागा आलटून पालटून वापरतो, एकावर वाईट झालं तर दुसऱ्यावर दहा मिनिटांपूर्वीचं असतं. आणि ज्यांचं डेस्कटॉपवर चाललंय त्यांनी पावसाळ्यात जास्तच जपा, आमच्याकडे पहिल्या पावसात लाइट गेली आणि माझी व्हिल्काबांबाची दीड तासाची मेहनत गेली होती, तेव्हापासून मी घड्याळाकडे बघून सेव्ह करतो.

पायरी ८ : खोलीत शिरलात की थांबा

ही पायरी बोटांची नाही आणि खरं तर मला सगळ्यात आवडते ती हीच.

पांडवलेणी बघितलीत ना? तीच, हायवेवरून दिसतात ती, चोवीस लेणी. रविवारी सकाळी लवकर गेलात आणि गर्दी नसताना अठरा नंबरच्या चैत्यात शिरलात तर पहिली काही सेकंद आपण आपोआप गप्प उभे राहतो, डोळे अंधाराला सरावतात, मग हळूहळू खांब दिसतात, मग स्तूप, मग वर छत. तसं या गेममध्ये करायचं. इथे संगीत बहुतेक वेळ नसतंच, नेथन मॅक्रीने दिलेल्या सुंदर सुरावटी आहेत पण त्या अगदी मोजक्या जागी वाजतात, बाकी वेळ फक्त वारा, पाणी ठिबकणं आणि लाराची पावलं. म्हणून तर एखाद्या मोठ्या दालनात शिरल्यावर ती सुरावट सुरू झाली की अंगावर येतं. हेडफोन लावाच.

थांबलात की बघायचं बटण धरून मान फिरवा. वर काय आहे, कुठला कठडा दुसऱ्यांपेक्षा वेगळा, कुठल्या दाराला चावीचं भोक, कुठे खटका. खटका ओढल्यावर कॅमेरा बऱ्याचदा एक क्षण उघडलेलं दार दाखवतो, ते दार कुठलं हे तेव्हाच डोक्यात बसवा. आणि फरशीचा रंग वेगळा दिसला, भेगा दिसल्या तर सावध, काही फरश्या पाय ठेवल्यावर कोसळतात, त्यावर थांबायचं नाही.

लपलेल्या जागा पण असतात, सापडली की एक छोटी गोड धून वाजते. पहिल्या लेव्हलमध्ये अशा तीन आहेत. पहिल्या खेपेला तीनही शोधायच्या मागे लागू नका, पण एक जरी स्वतःहून सापडली ना तर तो आनंद वेगळाच.

अडकलात तर? अडकणारच. माझा नियम असा की वीस मिनिटं स्वतः फिरायचं, मग उठून चहा प्यायचा, मग परत दहा मिनिटं, आणि तरी नाही सापडलं तरच मदत बघायची, तीही लिहिलेली, व्हिडिओ नाही, कारण व्हिडिओत पुढच्या तीन खोल्या पण दिसून जातात.

पायरी ९ : पहिल्या चार लेव्हल्स, काय मनात धरायचं

गुहा, म्हणजे केव्ह्ज. सोपी आहे, शिकवायलाच बनवलीये. सुरुवातीच्या बोळात भिंतीतून बाण सुटतात, तिथे थांबायचं नाही, पळायचं. वटवाघळं, लांडगे, एक अस्वल. इथे फरश्या मोजायची सवय लावा, गरज नसली तरी प्रत्येक उडीआधी मोजा.

व्हिल्काबांबा. हे नाव खरं आहे, इंका राजांचं शेवटचं ठाणं, १५७२ मध्ये स्पॅनिशांनी घेतलं. गेममधलं गाव काल्पनिकच म्हणायचं, पण त्या ओसाड घरांतून फिरताना ही एवढी माहिती सोबत असली की वातावरण बदलतं. शिरल्या शिरल्या लांडगे येतात. मग पाणी, आणि पाण्याखालचा रस्ता. इथे पोहणं पक्कं होतं.

तिसरी लॉस्ट व्हॅली. धबधब्याची वाट बदलायला यंत्राचे तीन दाते शोधायचे आहेत, तीन वेगवेगळ्या दिशांना, त्यातला एक वर, तुटलेल्या पुलापाशी. लेव्हल मोठी आहे, घाई करू नका. या दरीत कोण राहतं ते मी मामेभावाला सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगत नाही, कोणी सांगायला लागलं तर कान बंद करा. फक्त एवढं, जमीन हादरायला लागली की गुहेसारखी अरुंद जागा शोधा.

चौथी क्वालोपेकची कबर. सगळं शिकलेलं एकत्र लागतं, पण लहान आहे. त्याच्या पुढे ग्रीस, आणि ग्रीसची पहिली लेव्हल सेंट फ्रान्सिस फॉली, तिथे मधोमध एक प्रचंड खोल विहीर आहे, कठड्यावरून कठड्यावर उतरत जायचं आणि वाटेत चार दारं, थॉर, डॅमोक्लिस, नेपच्यून, अ‍ॅटलस अशा नावांची, प्रत्येकाच्या आत वेगळं कोडं. डॅमोक्लिसच्या खोलीत छताकडे बघा एवढंच सांगतो. हरिहर उतरल्याचं जे म्हणालो ना ते तिथे पूर्ण कळतं.

मामेभाऊ शेवटी चार दिवस राहिला. तिसऱ्या रात्री साडेअकराला मी पाणी प्यायला उठलो तर हा हॉलमध्ये हेडफोन लावून बसलेला, दिवा बंद, स्क्रीनवर जुनं चित्र, एफ वन दाबून ठेवलेलं, आणि लारा लॉस्ट व्हॅलीत वर त्या तुटक्या पुलाच्या टोकाशी उभी. मी मागे आहे हे त्याला माहीत नव्हतं. बोटाने स्क्रीनवर फरश्या मोजत होता, ओठ हलत होते. मग सेव्ह केलं. मग एक मागे.